शाळेची पहिली घंटा आगारात वाजते

तालुक्याच्या स्टँडवरून सांजावल्यावर सुटलेली शेवटची एसटी आडगावात जाते आणि रात्रभर तिथंच थांबते. तिला मुक्कामी गाडी म्हणतात. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत पथारी टाकतात, पावसाळ्यात बरेचदा गाडीतच. तिकिटांच्या पैशांची बॅग कंडक्टरच्या उशाला. कुठे एखाद्या घरून भाकरी-कालवण येतं, कुठे घरचा डबाच पुरवून खायचा. सकाळी तोंड धुवायला पाणी कुणाच्या तरी अंगणातलं. सहा वाजता हीच गाडी गावची पहिली गाडी होते. मागं दुधाचे कॅन, मध्ये कोर्टाच्या तारखेला निघालेला एखादा शेतकरी, रक्त तपासायचं म्हणून उपाशीपोटी निघालेली म्हातारी, आणि उरलेली सगळी गाडी गणवेशातली.

एसटीच्या दफ्तरी या गाडीची नोंद एक फेरी एवढीच असते. शिक्षण खात्याच्या दफ्तरी तर ती नसतेच. पण गावातल्या किती मुली दहावीच्या पुढे शिकतात हे जाणून घ्यायचं असेल, तर मुख्याध्यापकांच्या आधी स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाला गाठावं, असं माझं मत होत चाललं आहे.

आपल्याकडे शिक्षणाची चर्चा म्हटली की अभ्यासक्रम, माध्यम, शिक्षकभरती, परीक्षा, फार तर शौचालयं आणि पोषण आहार. घराच्या उंबऱ्यापासून वर्गाच्या दारापर्यंतचं अंतर हा शिक्षणाचा विषय मानलाच जात नाही. तो परिवहन खात्याचा. आणि परिवहन खात्याला विचारलं तर शाळा हा त्यांचा विषय नाही. या दोन खात्यांच्या मधल्या रस्त्यावर मुलं उभी असतात.

कायद्यानं अंतराचा विचार केलाच नाही असं नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातल्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. पण हा कायदा ६ ते १४ वयाचा, आठवीपाशी संपणारा. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंत, नाहीतर सातवीपर्यंत. हायस्कूल मोठ्या गावात, ज्युनिअर कॉलेज बाजाराच्या गावात, पदवीचं कॉलेज तालुक्याला. म्हणजे अंतर जिथं वाढायला लागतं, नेमका तिथंच कायद्याचा हात सुटतो. तिथून पुढे मूल एसटीच्या हवाली.

एसटी येण्याआधी महाराष्ट्रानं या अंतरावर वेगळा तोडगा काढला होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभारायला सुरुवात केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, जिथं नाना जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत. खेड्यातल्या पोराला शिकायचं असेल तर त्यानं घर सोडून शाळेच्या गावी मुक्काम करायचा, हा तो मार्ग. त्यातून पिढ्या घडल्या. मात्र त्या पिढ्या बहुतेक मुलग्यांच्या होत्या. वयात येणारी मुलगी परक्या गावी ठेवायला फार थोडी घरं तयार असत, आणि आजही सगळी घरं तयार आहेत असं मानायचं कारण नाही.

१ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. 'गाव तिथे एसटी' हे ब्रीद पुढं आलं आणि रस्त्याच्या मागोमाग गाडी खेड्यापर्यंत गेली. मग एक उलटापालट झाली, जिच्याकडे शिक्षणाच्या इतिहासकारांचं फारसं लक्ष गेलेलं दिसत नाही. मुलानं शाळेपाशी मुक्काम करण्याऐवजी गाडी मुलाच्या गावी मुक्कामाला यायला लागली. मुलगी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतू शकते, एवढं एक दिसल्यावर कितीतरी बापांचं 'नको' मवाळ झालं.

त्याला सवलतींची जोड मिळाली. विद्यार्थ्यांच्या पासात ६६.६७ टक्के सूट, म्हणजे महिन्याचा प्रवास दहा दिवसांच्या पैशात. ग्रामीण मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेखाली पास पूर्ण मोफत. आधी ही सोय दहावीपर्यंत होती, पुढे ती बारावीपर्यंत वाढवली. मानव विकास कार्यक्रमात २२ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत ने-आण करण्यासाठी निळ्या-पांढऱ्या गाड्या आल्या. त्या सकाळ-संध्याकाळ मुलींच्या, मधल्या वेळात इतर प्रवाशांच्या. सरकारी योजनांबद्दल सहसा नाकं मुरडायची पद्धत आहे. या योजना मात्र माझ्या मते राज्यानं मुलींच्या शिक्षणावर केलेल्या उत्तम खर्चांपैकी आहेत, आणि त्यांचं कौतुक त्या मानानं फारच कमी झालं.

पण पास फुकट असणं वेगळं आणि गाडी येणं वेगळं.

गाडी चालू ठेवायची की बंद करायची हे ठरतं भारमानावर आणि किलोमीटरमागच्या उत्पन्नावर. आता सकाळची शाळेची गाडी डोळ्यांसमोर आणा. उभं राहायला जागा नाही, कंडक्टरला मागून पुढं यायला दोन थांबे लागतात. पण त्यातले बहुतेक पासधारक. त्यांना रोज तिकीट फाडायचं नसतं. त्यामुळे कंडक्टरच्या वेबिलावर त्या फेरीला जमा झालेली रक्कम किरकोळच दिसते. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देतं खरं, पण ते वरून, एकगठ्ठा आणि सवडीनं. अमुक गावच्या सहाच्या गाडीच्या नावावर ते पैसे त्या दिवशी पडत नाहीत. आगारात एखाद्या दिवशी गाडी कमी पडली, ड्रायव्हर सुट्टीवर गेला, जत्रेला किंवा लग्नसराईत जादा गाड्या सोडायच्या ठरल्या, की कुठली फेरी कापायची? लांब पल्ल्याची कमाईची फेरी कुणी कापत नाही. कापली जाते ती खेड्यातली. आगार व्यवस्थापकाला खलनायक करण्यात अर्थ नाही. त्याची वरच्या बैठकीत झडती होते ती उत्पन्नावर. अमुक फेरी रद्द झाल्यामुळे किती मुलींचा गणिताचा तास बुडाला, हे त्याला कुणी विचारत नाही.

शिवाय गाड्याच कमी झाल्या. कोविडच्या आधी १८ हजारांच्या आसपास असलेला ताफा पुढच्या काही वर्षांत १५ हजारांच्या घरात आला. त्यात भर म्हणजे गावाची स्वतःची वागणूक. गाडी बंद झाली की गाव निवेदन घेऊन तहसीलला जातं, फोटो काढतं. पण निवेदन देणारे सगळे मोटारसायकलवरून आलेले असतात. घरटी दुचाकी आली, कमावते पुरुष एसटीतून उतरले, पूर्ण तिकीट देणारा प्रवासी गेला. गाडीत उरले ते म्हातारे, बाया आणि पोरं, म्हणजे नेमके सवलतवाले. ज्यांना दुसरा पर्याय नाही तेच गाडीत आणि त्यांच्यामुळेच गाडी तोट्यात, असा हा चमत्कारिक हिशेब आहे.

हा हिशेब जवळून पाहायचा तर तालुक्याच्या स्टँडवर संध्याकाळी पाचनंतर उभं राहावं. हायस्कूल सुटलेलं असतं. फलाटावर गाडी अजून लागायची आहे, ती वळून आत येत असतानाच मुलं तिच्याबरोबर पळायला लागतात आणि खिडकीतून दप्तरं आत फेकतात. दप्तर पडलं ती जागा आपली. यात चपळ पोरं पुढं असतात. मुली दोन-तीनच्या घोळक्यानं दाराशी रेटारेटीत. आतला माणूस ओरडतो, "अगं, मागून दुसरी आहे." दुसरी असते, पण ती सातची. गाडी भरून निघते, फलाटावर आठ-दहा मुली राहतात. मुलगे राहिले तर रस्त्यावर जाऊन ओळखीच्या गाडीला हात करतात, ट्रिपल सीट जातात, दुधाच्या टेम्पोत चढतात. मुलींनी यातलं काही केलं की रात्री घरी पंचायत. म्हणून त्या बसून राहतात, कंट्रोलरच्या खिडकीपासून दिसेल अशा बाकावर. डिसेंबरात सहालाच अंधार पडतो. सातची गाडी गावच्या फाट्यावर आठला सोडते, फाट्यापासून वस्ती अजून आत.

असं आठवड्यातून दोनदा झालं की घरात बोलणं सुरू होतं. शाळेविरुद्ध कुणी काही म्हणत नाही. "पोरगी हुशार आहे, पण गाडीचं काही खरं नाही," एवढंच. मग दिवाळीनंतर नाव पटावर राहतं आणि मुलगी दिसेनाशी होते. गळतीच्या अहवालात कारणांच्या रकान्यात काही लिहिलं जातं: घरकाम, आर्थिक परिस्थिती, विवाह. एसटीची सातची गाडी असा रकाना नसतो.

हे माझ्या मनचं अनुमान नाही. बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम तपासला. माध्यमिक शाळेत नाव दाखल असण्याचं मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलगा-मुलगी यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली. आणि हा परिणाम मुख्यतः कुठे दिसला, तर शाळा ३ किलोमीटर किंवा त्याहून लांब होती अशा गावांत. शिक्षक तेच, पुस्तकं तीच, फळा तोच. बदललं होतं ते फक्त अंतर. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात सायकली वाटल्या गेल्या, त्याही उपयोगी पडल्या. पण जव्हार-मोखाड्याच्या किंवा वेल्ह्याच्या चढ-उतारावर सायकल पायात अडकते; तिथं गाडीच हवी.

शहरातही गोष्ट फार वेगळी नाही, फक्त तिचं रूप सभ्य आहे. गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला. चांगल्या दर्जाच्या कॉलेजात प्रवेश मिळण्याइतके गुण असूनही मुली त्याहून बऱ्याच खालच्या दर्जाचं कॉलेज निवडतात, कारण तिथं जायचा रस्ता त्यांना छेडछाडीच्या दृष्टीनं जास्त सुरक्षित वाटतो. त्या सुरक्षित रस्त्यासाठी वर्षाला १८,८०० रुपये मुलांपेक्षा जास्त मोजायची त्यांची तयारी दिसली. म्हणजे गुणपत्रिका एक सांगते आणि बसचा मार्ग दुसरं, आणि शेवटी चालतं ते बसच्या मार्गाचं. गुणवत्तायादीवर भाषणं करणाऱ्यांनी हा अभ्यास एकदा वाचावा.

या सगळ्यावर तंत्रज्ञानाचा उतारा सांगणारे लोक दोन प्रकारचे. पहिले म्हणतात, शाळेत जायचं कशाला, शाळा फोनवर येईल. हा प्रयोग आपण कोविडच्या काळात करून बसलो आहोत. ग्रामीण शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या 'असर' या पाहणीत २०२१ मध्ये शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण अशा घरांतल्याही २६.१ टक्के मुलांच्या हाती तो येत नव्हता. बापाबरोबर फोन कामावर जायचा, मुलाचा वर्ग त्याच वेळी भरायचा. आणि शाळा म्हणजे नुसता धडा नाही, घराबाहेरचे सहा तास आहेत, मुलीच्या बाबतीत तर फार मोलाचे, हे त्या दीड-दोन वर्षांत ज्यांच्या वर्गमैत्रिणींची लग्नं लागली त्यांना सांगायला नको.

दुसरे लोक म्हणतात, ॲप आहे ना. आहे. गाड्यांवर जीपीएस बसलं, गाडी कुठवर आली हे फोनवर पाहता येतं, तिकिटाचे पैसे क्यूआर कोडवर देता येतात आणि सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं कमी झाली, हे चांगलंच झालं. पण फलाटावरच्या त्या आठ-दहा जणींपैकी किती जणींकडे स्वतःचा फोन असेल? २०२३ ची 'असर' पाहणी सांगते की ग्रामीण भागात १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन आहे. मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के. अनेक शाळांत फोन आणायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. शिवाय न सुटलेली गाडी नकाशावर कुठं शोधायची?

मला विचाराल तर इथं लागणारं तंत्रज्ञान अगदी साधं आहे. संध्याकाळची फेरी रद्द होणार हे आगाराला दुपारीच ठाऊक असतं. तो निरोप चारच्या आत मुख्याध्यापकांच्या फोनवर गेला तर शेवटचा तास सोडून मुलींना आधीच्या गाडीनं पाठवता येतं. शिक्षण खात्याकडे यू-डायसमध्ये प्रत्येक शाळेचा पट आहे. एसटीकडे प्रत्येक फेरीचं वेळापत्रक आणि दिलेल्या प्रत्येक पासाची नोंद आहे. ही दोन्ही एका तक्त्यावर आणली की कुठल्या गावच्या किती मुली कुठल्या फेरीवर अवलंबून आहेत ते कळेल, आणि त्या फेऱ्यांवर 'कापू नये' असा शिक्का मारता येईल. याला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. दोन खात्यांचे दोन कारकून आणि एक दुपार पुरे. जून २०२५ मध्ये एसटीनं पास थेट शाळेत नेऊन द्यायची मोहीम काढली. पासासाठी स्टँडच्या खिडकीवर रांगेत जाणारा दिवस वाचला. मला ही सुधारणा कुठल्याही ॲपपेक्षा मोठी वाटते.

गाडी थांबली की काय होतं हेही आपण पाहिलं आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग उघडले, आणि दिवाळीच्या तोंडावर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या पगाराचं दुखणं खरं होतं, ते नाकारण्याचं कारण नाही. पण दीड वर्ष बंद राहून उघडलेली शाळा खेड्यातल्या मुलांसाठी महिनाभरात पुन्हा बंद झाली, आणि या बंदला कुणी शाळाबंदी म्हटलं नाही. तेव्हा काही मुक्कामी गाड्या बंद झाल्या त्या झाल्याच, परत आल्या नाहीत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं आदेश काढला की चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू. हेतूला नावं ठेवता येत नाहीत. पण शहरात लगेच स्कूलबसवाल्यांनी हात वर केले: एकच गाडी सकाळी मोठ्यांच्या आणि मग धाकट्यांच्या फेऱ्या मारते, वेळ हलली की सगळी साखळी हलते. शाळेची वेळ झोपेवर ठरवायची असेल तर आधी गाडीशी बोलावं लागतं, हे तेव्हा निदान शहरातल्या पालकांना कळलं. खेड्यातल्यांना ते कधीपासूनच माहीत आहे.

आता समूह शाळांचं घ्या. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून मोठी, सोयीची शाळा करायची, असा विचार २०२३ पासून सरकारदरबारी जोरात आहे. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही त्याची नमुन्याची गावं म्हणून दाखवली जातात. मी या कल्पनेच्या सरसकट विरोधात नाही. चार इयत्तांची मिळून आठ मुलं आणि एक शिक्षक, खेळायला दुसरा संघ नाही, भांडायलासुद्धा पुरेशी माणसं नाहीत, ही शाळा मुलाला काय देते हा प्रश्न रास्त आहे. पण वस्तीवरची शाळा मोडून जेव्हा सात-आठ किलोमीटरवर नेली जाते, तेव्हा मोठ्या मुलींपुढं असलेला गाडीचा प्रश्न आपण सहा वर्षांच्या पोरापुढं आणून ठेवतो. पानशेतला गाड्यांची व्यवस्था आधी केली म्हणून ते चाललं. नक्कल करताना इमारतीची होते, गाडीची राहून जाते.

तसंच बारावीनंतरचं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि मागास प्रवर्गातल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. मोठं पाऊल आहे. पण अहिल्याबाई होळकर योजनेचा पास बारावीला संपतो. ज्या वर्षी कॉलेज सर्वांत लांब जातं, त्याच वर्षी फुकट गाडी थांबते. पुढं सवलतीचा पास काढावा, नाहीतर १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना मिळणारं अर्धं तिकीट. तेही आता जानेवारी २०२५ च्या १४.९५ टक्के भाडेवाढीवरचं अर्धं. हजारोंची फी माफ करणाऱ्या सरकारला हा पास पुढं तीन वर्षं चालू ठेवणं जड जाऊ नये.

गाडी देणं शक्यच नसेल तिथं समग्र शिक्षा योजनेत प्रवासभत्त्याची तरतूद आहे, मुलामागं वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत. दहा महिने, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर दिवसाला २४ रुपये, एका वेळचे १२. एवढ्यात वडापची जीप पोराला बसवते, पण आपल्या अटींवर: भरल्याशिवाय सुटायचं नाही, बाजाराच्या दिवशी पोरांना मागं उभं करायचं, डिझेल वाढलं की येणं बंद. आणि भत्ता खात्यावर जमा होईपर्यंत पैसे बापाच्या खिशातून. म्हणून आपल्या गावची शाळा दुसरीकडे हलवायचा कागद आला, तर पटाचे आकडे वाचण्याआधी त्याला आगाराचं पत्र जोडलं आहे का ते बघावं: कुठली फेरी, किती वाजता, मुक्कामी की नाही, आणि रद्द झाली तर कळवणार कोण. ते पत्र येईपर्यंत ग्रामसभेनं ठरावावर सह्या करायची घाई करू नये.